दोन बोटांची गिटार

आमच्या धर्मग्रामातील गायकवृंदात गिटार वाजवणाऱ्या एका युवकाने मागे एकदा माझ्यापाशी मन मोकळे केले. मिस्सामधील गीतांना कॉर्डची साथ देणे त्याला उत्तम जमते. परंतु 'लीड', म्हणजे गीताच्या मधल्या जागेत एकेका तारेवर स्वतंत्र सुरावट छेडणे, काही केल्या हातात बसत नाही. दोष त्याने आपल्या करंगळीला दिला. ती आखूड आहे म्हणे! मी स्वतः गिटारवादक नव्हे. सेमिनरीत हार्मोनियमशी केलेली झटापट एवढीच माझी वाद्यविद्या. परंतु त्याचे बोलणे ऐकताना वाचनात भेटलेला एक माणूस मला आठवला. त्याची कथा सांगायची तर थोडे मागे जावे लागेल.

गिटार ही वाद्यवृंदात मुळात मागच्या रांगेतली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील जॅझ वाद्यवृंदांत तिच्याकडे केवळ ताल धरण्याचे काम असे. ट्रंपेट आणि ड्रम यांच्या गजरात तिचा नाजूक आवाज श्रोत्यांपर्यंत पोहोचावा तरी कसा? ध्वनिमुद्रणाच्या मायक्रोफोनपुढे मात्र हलका स्वरही टिपला जाई. १९२८-२९ मध्ये लॉनी जॉन्सन हा कृष्णवर्णीय व एडी लँग हा गोरा, अशा दोघांनी मिळून केवळ गिटारीवर काही तबकड्या मुद्रित केल्या. एक साथ करी, दुसरा एकेका तारेवर बोले. गोऱ्याने काळ्यासोबत वाजवल्याचे उघड होऊ नये म्हणून तबकडीवर लँगचे नाव बदलून छापण्यात आले. सुरांना जे कळले होते ते माणसांना कळायला बराच अवकाश होता.

त्याच सुमारास पॅरिसच्या वेशीवर भटक्या रोमा लोकांच्या तांड्यात जँगो राइनहार्ट नावाचा अठरा वर्षांचा तरुण राहत होता. जन्म १९१० चा, बेल्जियममधला. शाळेचे तोंड जवळजवळ न पाहिलेला, स्वरलिपी न जाणणारा हा मुलगा नृत्यगृहांत अकॉर्डियनच्या साथीला बँजो वाजवून पोट भरत असे. त्याची पत्नी सेल्युलॉइडची कृत्रिम फुले करून विकी. १९२८ च्या अखेरीस एका रात्री मेणबत्तीची ठिणगी त्या फुलांवर पडली आणि त्यांची लाकडी गाडी भडकली. दोघेही वाचली, पण जँगोचा उजवा पाय आणि डावा हात होरपळला. पाय कापावा असे डॉक्टरांचे मत पडले. त्याने साफ नकार दिला. पाय वाचला, परंतु तारा दाबणाऱ्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी कायमची आखडून गेली.

सुमारे दीड वर्ष तो अंथरुणाला व उपचारांना खिळून होता. या काळात भावाने त्याला एक गिटार आणून दिली. उरलेल्या दोन धड बोटांनी तो पहिल्यापासून शिकू लागला.

इथे थोडे तंत्रात शिरायला हवे. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. सामान्य वादक आपली चार बोटे चार घरांवर ठेवतो, हात एका जागी राखतो आणि तारा बदलत सुरावट काढतो. जँगोला हा मार्ग बंद झाला होता. म्हणून त्याचा हातच तारेच्या लांबीने वरखाली धावू लागला. तर्जनी आणि मधले बोट यांच्या जोरावर तो एका झेपेत खालच्या सुरापासून टिपेपर्यंत जाई, वाटेतले अर्धस्वर घसरत घेई. आखडलेली दोन बोटे शेवटच्या बारीक तारांवर टेकवून कॉर्डपुरती उपयोगात आणी. उजव्या हाताचा आघातही असा भरदार, की पिक तारेवरून उतरून पुढच्या तारेवर विसावे. त्यामुळे विजेच्या मदतीवाचूनही त्याचा स्वर खणखणीत उमटे.

हे सारे त्या युवकाला सांगितले तेव्हा तो बराच वेळ आपल्या हाताकडे पाहत बसला. करंगळीचा विषय त्यानंतर त्याने काढलेला नाही!

१९३४ मध्ये जँगोने व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली याच्यासह पॅरिसमध्ये पाच जणांचा संच उभारला. तीन गिटारी, एक व्हायोलिन, एक डबल बास. ड्रम नाही, ट्रंपेट नाही. ऐकू येण्याचा जुना प्रश्न त्यांनी गोंगाटच वगळून सोडवला. अमेरिकेत त्याचे उत्तर विजेने दिले. १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या संचात आलेल्या चार्ली ख्रिश्चनने विद्युत गिटारीवर सॅक्सोफोनसारखी लांबलचक वाक्ये रचून दाखवली. अवघ्या पंचविसाव्या वर्षी, १९४२ मध्ये, क्षयाने त्याचा घास घेतला.

त्या वर्षांत युरोपात नाझी राजवट रोमा लोकांना छावण्यांत धाडून ठार मारीत होती. जँगो जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये वाजवीत राहिला. कीर्तीने त्याला वाचवले असेल, दैवाने असेल. १९४३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये निसटण्याचा त्याचा प्रयत्न फसला. याच काळात आपल्या लोकांना स्वतःची मिस्सा असावी म्हणून त्याने मिस्सासंगीत रचायला घेतले. मला, एका धर्मगुरूला, त्याच्या साऱ्या तबकड्यांपेक्षा या गोष्टीचे अप्रूप अधिक. ती रचना अपुरीच राहिली आणि १९५३ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, तो गेला.

बारा वर्षांनी, १९६५ मध्ये, इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरातल्या एका कारखान्यात टोनी आयोमी नावाच्या सतरा वर्षांच्या डावखुऱ्या कामगाराच्या उजव्या हाताची दोन बोटे यंत्रात सापडली आणि त्यांची टोके तुटली. डावखुऱ्या गिटारवादकाचा तारा दाबणारा हात तोच. वाजवणे संपले असे त्याने धरून टाकले. तेव्हा कारखान्याचा फोरमन त्याच्या घरी एक तबकडी घेऊन आला. त्याने ती ऐकायला लावली, आणि वाजवणाऱ्याची दोनच बोटे चालतात हे मग सांगितले. आयोमीने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले, बँजोच्या पातळ तारा गिटारीला चढवल्या. पुढे तारा सैल करून स्वर खाली उतरवला. 'ब्लॅक सॅबथ' या संचाचा तो खर्जातला, जड आवाज जगाने ऐकला तो या हातातून.