निसर्गचित्राच्या पुरोभूमीतील हिरवा रंग : जॉन कॉन्स्टेबलच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

निसर्गचित्राच्या पुरोभूमीतील झाडाझुडपांना कोणता रंग द्यावा, हा प्रश्न वरकरणी केवळ चित्रतंत्राचा वाटतो. पाने हिरवी असतात, म्हणून ती हिरव्या रंगात रंगवावीत, असे सामान्य प्रेक्षकास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु युरोपीय निसर्गचित्रणाच्या इतिहासात सुमारे तीन शतके पुरोभूमीतील पर्णसंभार बहुतांशी तपकिरी रंगातच रंगविला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये जॉन कॉन्स्टेबल (1776-1837) या चित्रकाराने तो हिरवा रंगविला, तेव्हा त्यास जाणकारांच्या नापसंतीस तोंड द्यावे लागले. तपकिरी रंगाचा हा संकेत का रूढ झाला, कॉन्स्टेबलने त्यातील नेमके काय नाकारले आणि काय स्वीकारले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

तपकिरी पुरोभूमीची परंपरा :

सोळाव्या शतकातील फ्लेमिश निसर्गचित्रांत चित्रावकाशाची तीन पट्ट्यांत विभागणी केलेली आढळते. जवळची भूमी तपकिरी, मधली हिरवी आणि दूरची निळी. योआखिम पाटिनीर (मृत्यू 1524) याच्या चित्रांत ही योजना स्पष्ट दिसते. तिच्या मुळाशी प्रत्यक्ष निरीक्षण होते. हवेच्या थरामुळे दूरचे डोंगर निळसर व फिकट दिसतात, तर जवळच्या वस्तूंत उष्ण छटा आणि तीव्र छायाप्रकाश जाणवतो. चित्राच्या सपाट पृष्ठभागावर खोली निर्माण करण्याचे ते एक सोपे साधन होते.

सतराव्या शतकात रोम येथे वास्तव्य करणाऱ्या क्लोद लोरें या फ्रेंच चित्रकाराने या योजनेस अत्यंत परिणत रूप दिले. चित्राच्या एका बाजूस गडद वृक्षांचा समूह उभा करावयाचा आणि त्याच्या गडदपणामुळे मागील आकाश अधिक उजळ भासवावयाचे, ही त्याची प्रसिद्ध रचना होय. अठराव्या शतकातील इंग्रज रसिकांनी क्लोदला आदर्श मानले. त्याच्या नावाने ओळखला जाणारा गडद काचेचा बहिर्वक्र आरसा पर्यटक सोबत बाळगीत आणि निसर्गाकडे पाठ करून त्यातील मंदावलेले प्रतिबिंब न्याहाळीत. चित्र निसर्गासारखे असावे यापेक्षा निसर्ग चित्रासारखा दिसावा, ही अपेक्षा त्यातून व्यक्त होते.

रंगद्रव्यांची मर्यादा :

मात्र ही परंपरा केवळ अभिरुचीतून निर्माण झाली, असे मानणे एकांगी ठरेल. जुन्या चित्रकारांजवळ टिकाऊ आणि तेजस्वी हिरवा रंग फारसा उपलब्ध नव्हता. तांब्यापासून केलेले पारदर्शक हिरवे लेप कालांतराने तपकिरी पडत. निळ्यात वनस्पतिजन्य पिवळा मिसळून केलेल्या हिरव्यातील पिवळा प्रकाशाने उडून जाई. अनेक डच चित्रांतील पाने आज निळसर दिसतात, त्याचे हेच कारण होय. उलट, मातीपासून मिळणारे तपकिरी व पिवळे रंग स्वस्त होते आणि शतकानुशतके टिकत. म्हणजेच चित्रकाराच्या दृष्टीने तपकिरी पुरोभूमी हा एक सुरक्षित पर्याय होता.

यात आणखी एका घटकाची भर पडली. तैलचित्रांवर दिलेले वार्निश काळाबरोबर पिवळे व गडद होते. त्यामुळे मूळच्या हिरव्या छटाही तपकिरी भासू लागतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील संग्राहक जुन्या चित्रांतील ज्या सोनेरी-तपकिरी वर्णाची प्रशंसा करीत होते, तो अंशतः चित्रकाराचा, तर अंशतः काळाचा परिणाम होता. काळाने केलेला हा बदल कलेचा नियम म्हणून नव्या चित्रकारांपुढे ठेवला गेला.

ब्यूमाँट आणि कॉन्स्टेबल :

सर जॉर्ज ब्यूमाँट हे त्या काळातील थोर संग्राहक, हौशी चित्रकार आणि लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या स्थापनेस (1824) साहाय्यभूत ठरलेले दाते. त्यांच्या संग्रहातील ‘हागार आणि देवदूत’ हे क्लोदचे छोटे चित्र कॉन्स्टेबलने तरुणपणीच पाहिले होते आणि त्याचा त्याच्यावर खोल संस्कार झाला होता. 1823 मध्ये कॉन्स्टेबल लेस्टरशायरमधील कोलऑर्टन येथे ब्यूमाँट यांच्याकडे काही आठवडे राहिला. त्यांच्यातील मतभेदाचे दोन प्रसंग चित्रकार सी. आर. लेस्ली याने 1843 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कॉन्स्टेबलच्या चरित्रात नोंदविले आहेत. जुन्या व्हायोलिनचा रंग हाच चित्राचा प्रमुख वर्ण असावा, असे ब्यूमाँट यांनी सुचविले असता कॉन्स्टेबलने एक जुने व्हायोलिन घरासमोरील हिरवळीवर नेऊन ठेवले. अन्य एका प्रसंगी, चित्रात तपकिरी झाड कोठे ठेवावे हे ठरविणे अवघड जात नाही काय, या प्रश्नावर तसे झाड आपण कधी रंगवीतच नाही, असे उत्तर त्याने दिले.

लेस्ली हा कॉन्स्टेबलचा स्नेही होता आणि त्याने हे प्रसंग मित्राच्या निधनानंतर प्रसिद्ध केले. त्यामुळे त्यांतील शब्दयोजना जशीच्या तशी ग्राह्य धरता येत नाही. तथापि, वादाचे स्वरूप त्यांतून निश्चितपणे कळते. शिवाय हा वाद दोन शत्रूंमधील नव्हता. ज्या संग्राहकाने कॉन्स्टेबलला क्लोदचे दर्शन घडविले, त्याच्याशीच कॉन्स्टेबलचे या एका मुद्द्यावर पटले नाही.

कॉन्स्टेबलची हिरवी पुरोभूमी :

कॉन्स्टेबलने क्लोदची रचना नाकारली नाही, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच्या 1828 मधील ‘डेडम व्हेल’ या चित्राची मांडणी उघडपणे ‘हागार’वर बेतलेली आहे. बाजूस उंच वृक्ष, समोर गडद झाडोरा आणि मध्ये दूरवर उजळणारी दरी. म्हणजेच छायाप्रकाशाचा विरोध त्याने राखला आणि बदलला तो रंग. गडदपणा आणि तपकिरीपणा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे त्याने दाखवून दिले. सावलीतील पान गडद असूनही हिरवे राहू शकते. ब्यूमाँट यांच्या भूमिकेत या दोहोंची गल्लत झाली होती.

परंतु केवळ हिरवा रंग वापरल्याने प्रश्न सुटत नाही. एकाच हिरव्याने रंगविलेला झाडोरा सपाट व निर्जीव दिसतो. कॉन्स्टेबलची रीत पुढे फ्रेंच चित्रकार यूजीन देलाक्रवा याने 1846 मध्ये आपल्या रोजनिशीत नोंदविली. कॉन्स्टेबलच्या कुरणांची हिरवाई सरस ठरते, कारण ती अनेक भिन्न हिरव्या छटांची बनलेली असते, असा तिचा आशय आहे. पिवळसर, निळसर व करड्या हिरव्याचे लहान लहान फटकारे शेजारी शेजारी आल्याने पर्णसंभारास हालचाल प्राप्त होते. त्यात तो हिरव्याचा पूरक असलेला लाल रंग मोजक्या ठिकाणी योजतो. ‘द हे वेन’ (1821) मधील घोड्यांच्या साजावरील लाल आणि ‘द कॉर्नफील्ड’ (1826) मधील पाणी पिणाऱ्या मुलाचे लाल जाकीट ही त्याची उदाहरणे होत. या अल्प लालामुळे सभोवतीचा हिरवा अधिक सतेज भासतो. शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने रंगांच्या परस्परविरोधाचा नियम 1839 मध्ये ग्रंथरूपाने मांडला. चित्रकाराच्या नजरेस तो परिणाम त्यापूर्वीच गवसला होता. ओल्या पानांवरील चमक दाखविण्यासाठी कॉन्स्टेबलने दिलेल्या पांढऱ्या ठिपक्यांची मात्र टीकाकारांनी ‘बर्फ’ म्हणून थट्टा केली.

‘द कॉर्नफील्ड’साठी त्याने घेतलेली दक्षताही उल्लेखनीय आहे. जुलै महिन्यात अशा वाटेच्या कडेला कोणत्या वनस्पती फुललेल्या असतात, याविषयी हेन्री फिलिप्स या वनस्पतितज्ज्ञाने त्यास पत्राने माहिती कळविली होती. पुरोभूमीतील झुडपे ही केवळ चौकट नसून विशिष्ट स्थळाची व ऋतूची खूण असते, ही दृष्टी त्यामागे आहे.

स्वागत आणि परिणाम :

या भूमिकेची किंमत कॉन्स्टेबलला मोजावी लागली. 1821 च्या प्रदर्शनात ‘द हे वेन’ विकले गेले नाही. त्याच्यापेक्षा केवळ एका वर्षाने मोठा असलेला टर्नर 1802 मध्ये रॉयल अकादमीचा पूर्ण सदस्य झाला, तर कॉन्स्टेबलला तो मान 1829 मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी मिळाला. याउलट पॅरिसच्या 1824 च्या प्रदर्शनात ‘द हे वेन’ला सुवर्णपदक प्राप्त झाले आणि फ्रेंच चित्रकारांनी त्याची आवर्जून दखल घेतली.

जुना संकेत मात्र सहजासहजी मावळला नाही. 1840 च्या दशकात नॅशनल गॅलरीतील काही जुनी चित्रे स्वच्छ करण्यात आली, तेव्हा वृत्तपत्रांतून तीव्र टीका झाली आणि 1853 मध्ये संसदेच्या समितीने गॅलरीच्या कारभाराची चौकशी केली. चित्रांवरील तपकिरी थरासच अनेक रसिक चित्राचा मूळ वर्ण समजत होते, याचे हे बोलके उदाहरण आहे. याच सुमारास, 1851-52 मध्ये, मिले या चित्रकाराने ‘ओफेलिया’ या चित्रातील नदीकाठची झुडपे प्रत्यक्ष जागेवर बसून सतेज हिरव्या रंगात रंगविली. 1859 मध्ये एकस्व मिळालेल्या प्रक्रियेमुळे व्हिरिडियन हा टिकाऊ हिरवा रंगही चित्रकारांच्या हाती आला.

निष्कर्ष :

1. तपकिरी पुरोभूमीचा संकेत निरीक्षण, रंगद्रव्यांची मर्यादा आणि वार्निशचे जुने होणे या तिन्ही कारणांतून दृढ झाला. तो केवळ अभिरुचीचा परिणाम नव्हता.

2. कॉन्स्टेबलने परंपरेचा सरसकट त्याग केला नाही. छायाप्रकाशाची रचना स्वीकारून त्याने रंग तिच्यापासून वेगळा केला.

3. पुरोभूमीतील हिरवाई एका रंगाने नव्हे, तर अनेक छटांच्या सान्निध्याने आणि अल्प पूरक रंगाने सिद्ध होते, हे त्याच्या चित्रांवरून स्पष्ट होते.

4. जुने चित्र हे ऐतिहासिक साधन असले तरी ते काळाबरोबर बदललेले असते. त्याच्या आजच्या रूपावरून कलेचे नियम काढताना जी सावधगिरी ब्यूमाँट यांच्या पिढीला बाळगता आली नाही, ती अभ्यासकाने बाळगणे आवश्यक आहे.