खांद्यावरच्या धक्क्याचा हिशेब

संवेग अक्षय्यतेचा धडा शिकवताना बंदुकीचे उदाहरण हमखास येते. गोळी पुढे जाते, बंदूक मागे येते, दोघींचा संवेग सारखा. फळ्यावर गणित सुटते, तास संपतो. पण ज्याने शाळेत असताना एनसीसीच्या शिबिरात पहिल्यांदा रायफल खांद्याला लावली असेल, त्याच्या मनात गणित नसते. चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात आणि खांदा आपोआप आवळला जातो. माझेही तसेच झाले होते. पाच गोळ्यांपैकी दोन कागदाला लागल्या. उरलेल्या कुठे गेल्या ते मातीच्या बांधालाच ठाऊक. आणि ती रायफल तर .२२ ची, म्हणजे धक्का जवळजवळ न देणारी!

नवशिक्याला हा धक्का सोसेल इतका सौम्य कसा करायचा, या प्रश्नामागे पावणेतीनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात आपल्या धड्यातले गणित तर आहेच, पण ते गणित कुठे थांबते हेही आहे.

सुरुवात बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञापासून करू. गोळी किती वेगाने जाते हे त्याच्या काळात कोणालाच नीट मोजता येत नव्हते. रॉबिन्सने एक जड लाकडी ठोकळा लंबकासारखा टांगला आणि त्यावर गोळी झाडली. गोळी ठोकळ्यात रुतते, ठोकळा झोका घेतो; झोका किती मोठा यावरून ठोकळ्याचा वेग कळतो आणि संवेगाच्या हिशेबाने गोळीचा. ही युक्ती त्याने १७४२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तिचे महत्त्व ओळखून थोर गणितज्ञ ऑयलरने १७४५ मध्ये त्याचे जर्मन भाषांतर केले आणि त्याला आपली विस्तृत टिपणेही जोडली. पुढे रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत किल्ल्यांची कामे पाहण्यासाठी हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात मरण पावला.

दुसरी पायरी बेंजामिन थॉम्पसनची. तोफा कोरताना निघणाऱ्या उष्णतेवरून उष्णतेचे स्वरूप उलगडणारा काउंट रम्फर्ड तो हाच. १७८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्याने बंदूकच टांगली आणि ती किती मागे जाते ते मोजले. आधी नुसती दारू भरून बार काढला. गोळी नसतानाही बंदूक मागे आलीच! मग गोळी घालून बार काढला आणि दोन्हींतला फरक गोळीच्या नावे लिहिला. आपल्या पाठ्यपुस्तकातल्या गणितात हीच एक गोष्ट सुटते. दारूचा वायू होतो, त्यालाही वस्तुमान असते आणि तो नळीच्या तोंडातून गोळीपेक्षाही जास्त वेगाने बाहेर पडतो. धक्क्याच्या हिशेबात म्हणून दोन रकमा धराव्या लागतात: एक गोळीची, एक वायूची.

आता आकडे मांडून पाहू. अमेरिकेत शिकारीला वापरली जाणारी .३०-०६ जातीची ३.६ किलो वजनाची रायफल घ्या. गोळी ९.७ ग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे ८८५ मीटर. दारू सुमारे ३.२ ग्रॅम, वायूचा वेग सेकंदाला अंदाजे १२५० मीटर. किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद या एककात गोळीचा संवेग ८.६ आणि वायूचा ४, एकूण १२.६. म्हणजे रायफल सेकंदाला ३.५ मीटर वेगाने मागे येते आणि तिची गतिज ऊर्जा भरते २२ ज्यूल. दोन किलोंचे वजन एक मीटर उंचीवरून पडावे तसा हा प्रकार. त्याच वजनाच्या .२२ रायफलीत २.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३३० मीटरने जाते. तिथे मागे येण्याचा वेग सेकंदाला जेमतेम पाव मीटर आणि ऊर्जा सुमारे ०.१२ ज्यूल! संवेग तेरापट कमी, पण ऊर्जा पावणेदोनशे पट कमी. वेगाचा वर्ग काय करतो ते मुलांना दाखवायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

गंमत अशी की, धक्क्यामुळे नेम चुकतो असे आपण म्हणतो, पण गोळी नळीबाहेर पडेपर्यंत ती मोठी रायफलसुद्धा दोन मिलिमीटरच्या आसपासच मागे सरकलेली असते. नेम बिघडवते ती धक्क्याची भीती. ही भीती उघडी पाडण्याची उस्तादांची युक्ती जुनी आहे: खऱ्या काडतुसांत एखादे पोकळ काडतूस न सांगता मिसळायचे. चाप ओढल्यावर बार होत नाही, तरी नळी खाली झुकते, आणि शिकणाऱ्याला आपली चूक आपणच दिसते. एकदा मनात बसलेली ही भीती जाता जात नाही. म्हणून पहिले धडे सौम्य हवेत.

एकोणिसाव्या शतकात धातूची काडतुसे आली आणि या कामाला नवे साधन मिळाले. अशा काडतुसाचे चार भाग: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, दारू आणि तोंडाशी गोळी. बार झाला की टोपी, दारू आणि गोळी संपते. पुंगळी, म्हणजे सर्वांत महाग भाग, हातात उरते. पितळ लवचिक असल्याने ती पुन्हा मापात दाबून, नवी टोपी, दारू आणि गोळी घालून वापरता येते. सरावाचा खर्च वाचतो आणि दारू किती, गोळी केवढी हे भरणाऱ्याच्या हाती येते.

अमेरिकी सैन्याच्या १८७३ च्या .४५ रायफलीत ४.५ ग्रॅम काळी दारू आणि २६ ग्रॅमची गोळी असे. घोडदळाची आखूड कार्बाइन वजनाने हलकी, त्यामुळे तिचा धक्का असह्य होई. म्हणून तिच्यासाठी गोळी तीच ठेवून दारू साडेतीन ग्रॅमवर आणली गेली. १८८० च्या दशकात सैन्याच्या तुकड्यांना पुंगळ्या पुन्हा भरण्याची हत्यारेही मिळाली. घरातल्या घरात नेमबाजी शिकवण्यासाठी त्याच पुंगळीत हलकी गोल गोळी आणि चिमूटभर दारू भरली जाई. दुसरीकडे १८८७ मध्ये आजची .२२ लाँग रायफल काडतुसे आली. यांत ठिणगीचे रसायन पुंगळीच्या काठातच असते, त्यामुळे ती पुन्हा भरता येत नाहीत. पण इतकी स्वस्त आणि सौम्य, की जगभर नवशिके त्यांवरच शिकू लागले.

मग प्रश्न सुटला का? लक्ष्यावरच्या नेमबाजीपुरता सुटला. पण अमेरिकेच्या ग्रामीण भागात मुले वडिलांबरोबर हरणाच्या शिकारीला जातात. तिथे .२२ पुरत नाही, अनेक राज्यांत ती त्यासाठी कायद्यानेही चालत नाही. मोठी रायफलच सौम्य करणे भाग पडते. इथे आपले त्रैराशिक पुढे येते: अर्धी दारू, अर्धा जोर. आणि इथेच ते फसते.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएयने धूरविरहित दारू बनवली. तिचा जळण्याचा वेग दाबावर अवलंबून असतो. दाब वाढला की ती झपाट्याने जळते, दाब कमी पडला की रेंगाळते. सावकाश जळणारी दारू फार कमी घातली, तर ती अर्धवट जळते आणि गोळी नळीतच अडकू शकते. हे लक्षात न येता दुसरा बार काढला की नळी फुगते किंवा फुटते. उलट झटपट जळणाऱ्या दारूची छोटी मात्रा मोठ्या पुंगळीच्या तळाशी बसते. चुकून दोनदा घातली तरी वरून कळत नाही, आणि दुप्पट मात्रेने रायफल फुटते. म्हणजे सौम्य काडतुसाला जशी वरची मर्यादा आहे तशी खालचीही आहे, आणि ती दारूगणिक वेगळी.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅन्ससच्या ब्रूस हॉजडनने सैन्याची उरलेली ४८९५ क्रमांकाची दारू विकत घेऊन नेमबाजांना विकली. कमी दाबातही ही दारू एकसारखी जळते. याच क्रमांकाची नव्याने बनवलेली दारू विकताना हॉजडन कंपनी नवशिक्या मुलांसाठी कमाल मात्रेच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली जाण्याची मुभा देते. ही मुभा त्या दारूपुरतीच. दुसऱ्या कुठल्याही दारूला ती लागू नाही. वरच्या .३०-०६ रायफलीत २ ग्रॅम दारू आणि सेकंदाला ७०० मीटर वेगाची ८.१ ग्रॅमची गोळी धरली, तर संवेग ८.२ वर आणि ऊर्जा सव्वानऊ ज्यूलवर येते. संवेग एक तृतीयांशाने घटला, ऊर्जा निम्म्याहून खाली. पंधरा वर्षांच्या मुलीच्या खांद्याला हा फरक गणिताशिवाय कळतो.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसे बनवणे गुन्हा आहे आणि वर्गात दारूचा प्रश्नच येत नाही. त्याची गरजही नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेत्या झाल्या, त्याच जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, ते त्याच .२२ रायफलीने.

वर्गासाठी एक लाकडी फळी घ्या, तीन खिळे ठोका, दोन खिळ्यांना रबरबँड अडकवून तो ताणा आणि दोऱ्याने तिसऱ्या खिळ्याला बांधा. फळी गोल पेन्सिलींवर ठेवा. रबराच्या खोबणीत खोडरबर ठेवून दोरा कापा. फळी किती मागे गेली ते मोजा. मग तेवढाच ताण ठेवून दोन खोडरबरे ठेवा, आणि शेवटी काहीच ठेवू नका. नुसत्या रबराच्या झटक्यानेही फळी थोडी हलते. रम्फर्डची वजाबाकी मुलांच्या हाती लागते. त्यानंतर विचारा: दारू अर्धी केली तर धक्का अर्धा होईल का? उत्तर लगेच देऊ नका. संवेगाचा हिशेब चोख असतो, पण त्यात घालायचे आकडे मोजून घ्यावे लागतात, हे मुलांना या प्रश्नावर वाद घालतानाच उमगेल.