जवाच्या घाटांतला पाला
कोरियांत वसंतऋतु आला कीं ‘स्सुक’ नांवाच्या कडवट, सुगंधी वनस्पतीचीं कोवळीं पानें तांदुळाच्या पिठांत मिसळून हिरव्या गोड वड्या वाफवितात. चैत्रांत आपण ज्योतिबास वाहतों तो दवणा हिचाच भाऊबंद होय. तेराव्या शतकांत इर्यॉन या भिक्षूनें रचिलेल्या ‘सामगुक युसा’ ग्रंथांत अशी कथा आहे कीं, स्सुकची जुडी व लसणाच्या २० पाकळ्या खाऊन अंधारांत राहिलेलें अस्वल २१ दिवसांनीं स्त्री झालें. तिचा पुत्र दानगुन हाच कोरियाचा आद्य राजा.

परंतु या पाल्याची गोडी केवळ पुराणकथेनें लागली, असें आम्हांस वाटत नाहीं. जुना तांदूळ सरलेला आणि जव अद्यापि पिकलेले नाहींत, अशा वसंतांतील दिवसांस तेथील शेतकरी ‘जवाचा घाट’ म्हणत. मूठभर पीठ व टोपलीभर पाला, एवढ्या शिदोरीवर कुटुंबें तो घाट चढत. १९७० नंतरच्या दशकांत ‘तोंगिल’ भाताच्या लागवडीनें दक्षिण कोरियांत तांदूळ मुबलक झाला व घाट मागें पडला.

आज सोलच्या उपाहारगृहांत तोच पाला केकांत नि आइस्क्रीमांत घालतात. आजीनें नाइलाजानें खुडलेलें नात हौसेनें विकत घेते. साखरेनें त्याचा कडवटपणा पुरता झांकत नाहीं. तो झांकूंही नये, असें आम्हांस वाटतें.