पोरगं पहाटे साडेचारलाच उठून बसतंय? आधी झोपेचा हिशेब मांडा, मग उपाय करा

बाहेर काळोख, घरात सगळे गाढ झोपलेले, आणि दीड वर्षाचं पोरगं अंथरुणात उठून बसलेलं. घड्याळात पावणेपाच. त्याला दूध हवं, खेळणं हवं, नाहीतर सरळ दाराबाहेर जायचं असतं. सासू-सासऱ्यांची झोपमोड नको म्हणून आई त्याला उचलून बाहेरच्या खोलीत आणते, लाईट लावते. तिथून तिचा दिवस सुरू. असं महिनाभर चाललं की कामावर जाणारी आई काय, घरी राहणारी आई काय, दोघींचाही जीव मेटाकुटीला येतो. बाबांची पाळी असेल तर नवरा-बायकोत भांडण ठरलेलं. आजी म्हणते, "उठूंदे की, पहाटे उठणारं पोर शाणं निघतंय." आजी स्वतः जन्मभर चारला उठत आली हे खरं. पण ती नऊच्या आत झोपायची. हे पोर साडेदहाला झोपलेलं असतं.

एक ते तीन वर्षांच्या मुलांमध्ये ही तक्रार फार नेहमीची आहे. बहुतेक वेळा तो आजार नसतो. शरीरातलं घड्याळ पुढं सरकलेलं असतं आणि आपणच नकळत त्याला रोज चावी देत असतो.

लवकर म्हणजे किती लवकर?

सहा-साडेसहाला उठणारं मूल लवकर उठत नाही, ते वेळेवर उठतं. आपल्याला आठपर्यंत झोपायचं असतं, ही गोष्ट वेगळी. तक्रार मानायची ती साडेपाचच्या आधी, रोज, आठवडाभराहून जास्त दिवस उठत असेल आणि दिवसभर किरकिर करत असेल तर.

पहिलं काम म्हणजे हिशेब. पाच-सहा दिवस मोबाईलमध्ये किंवा कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: रात्री डोळा कधी लागला, सकाळी कधी उठलं, दिवसा किती वेळ झोपलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. यात दुपारची झोपही धरलेली आहे.

हिशेब केला की घरं दोन प्रकारची निघतात. एका घरात मूल साडेसातला झोपतं, साडेपाचला उठतं, दुपारी दोन तास झोपतं. झाले बारा तास. त्याची झोप पूर्ण आहे. तिथं झोप वाढवायची नाही, नुसती उशिराकडं सरकवायची. दुसऱ्या घरात मूल साडेदहाला झोपतं, पावणेपाचला उठतं, दिवसात तीन तास झोपतं. सव्वानऊ तास. इथं झोप खरोखर कमी पडते. आपल्याकडं हा दुसरा प्रकार जास्त. बाबा नऊला दुकान बंद करून येतात, मग जेवण, मग टीव्ही, आणि पोराला बाबांचं तोंड बघायचं असतं. दोन्ही घरांना एकच उपाय चालत नाही, म्हणून हिशेब आधी.

पहाटेच झोप का मोडते?

मूल रात्रभर सलग झोपतं असं आपल्याला वाटतं, पण दर तासाभरानं त्याची झोप हलकी होते, ते कूस बदलतं आणि परत झोपतं. रात्रीच्या पहिल्या भागात झोप गाढ असते, तेव्हा शेजारी वरात गेली तरी काही मूल उठत नाहीत. पहाटे चारनंतर गंमत बदलते. दिवसभरात साठलेला थकवा बराचसा उतरलेला असतो, झोप आणणारा मेलाटोनिन ओसरायला लागलेला असतो, शरीराचं तापमान सगळ्यात खाली गेलेलं असतं. या वेळी कूस बदलताना थंडी वाजली, लंगोट ओला लागला, मिक्सर फिरला, नाहीतर उजेडाची तिरीप डोळ्यावर आली, तर मूल परत झोपत नाही, उठूनच बसतं.

आता आपल्या घरांचं चित्र बघा. बऱ्याच गल्ल्यांत नळाला पाणी येतं तेच भल्या पहाटे. घागरी, मोटर, बादल्या. दूधवाल्याची गाडी. पहिल्या पाळीला जाणाऱ्याचा डबा, म्हणजे कुकरच्या शिट्ट्या. दोन खोल्यांच्या घरात हे सगळं मुलाच्या उशाशीच होतं. कौलारू घरात एखादं काचेचं कौल असतंच, आणि उजेड नेमका त्याच्यातून अंथरुणावर पडतो. बेळगावात जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीअखेर सातच्या पुढं. पण उजाडायला त्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधीच लागतं. ग्वाल्हेरकडं तर जूनमध्ये साडेपाचच्या आतच सूर्य वर येतो. हिवाळ्यात नीट झोपणारं मूल मे-जूनमध्ये लवकर उठायला लागलं, तर आधी खिडकीकडं बघा.

आणि थंडी. रात्री उकडतं म्हणून पंखा पाचवर, पहाटे हवा गार पडते, आणि वाकळ तर पोरानं कधीच लाथाडलेली असते. झोपायला जाताना आपल्यापैकी एकानं पंखा दोनवर आणणं आणि पोराला सुती पायजमा-बाह्यांचा सदरा घालणं एवढ्यानं काही घरांत चार दिवसांत फरक पडतो. सगळ्यात स्वस्त उपाय हाच, म्हणून तो आधी करून बघा.

उजेड आणि दूध: या दोन चाव्या

शरीरातलं घड्याळ सगळ्यात जास्त उजेडाचं ऐकतं. पहाटे पाचला ट्यूबलाईट लागली, हातात मोबाईल आला, की घड्याळ समजतं दिवस सुरू झाला, आणि उद्या थोडं आधीच उठवतं. पोर गप्प बसावं म्हणून पाचला कार्टून लावणं हा त्यातला सगळ्यात महागात पडणारा प्रकार. पोराच्या दृष्टीनं ते बक्षीसच आहे. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना स्क्रीन देऊच नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, ते पहाटेलाही लागू.

खिडकीला जाड गडद चादर लावा. काचेच्या कौलावर आतून पुठ्ठा बसवा. हवा मात्र खेळती राहू द्या, खोली कोंडू नका. पडद्याची दोरी मुलाच्या हाताला लागणार नाही अशी वर बांधा. संध्याकाळी उलट करायचं: पाच-साडेपाचला पोराला अंगणात, गच्चीवर, बागेत घेऊन जा. मावळतीच्या आधीचा उजेड घड्याळ मागं ओढायला मदत करतो. आठनंतर घरातले दिवे कमी.

दूध ही दुसरी चावी. रोज पाचला बाटली मिळत असेल तर पाचला भूक लागायला पोट शिकतं. एक वर्षाच्या वरच्या, वजन नीट वाढणाऱ्या मुलाला पहाटेच्या दुधाची गरज सहसा नसते. एकदम बंद करू नका. दर दोन-तीन दिवसांनी दहा-पंधरा मिनिटं पुढं ढकला आणि रात्रीच्या जेवणात भात-वरण-तूप, नाचणीची आंबील असं काहीतरी पोटभर जाईल असं बघा. अंगावर पाजणाऱ्या आईनं यासाठी दूध तोडायचं कारण नाही. दोन वर्षं आणि पुढंही पाजता येतं. पहिलं पाजणं तेवढं सहाच्या पुढं न्या. तोंडात बाटली ठेवून झोपवण्याची सवय असेल तर ती दातांसाठीही वाईट, कीड तिथूनच लागते.

दिवसाची झोप

इथंच बहुतेक घरांचं गणित चुकतं. पाचला उठलेलं मूल आठला पेंगतं, आपण झोपवतो, ते साडेनऊपर्यंत झोपतं. आईला तेवढ्यात कामं उरकता येतात, म्हणून हे सगळ्यांना सोयीचं. पण ती झोप म्हणजे रात्रीच्या झोपेचा राहिलेला तुकडा आहे. तो आठला मिळणार हे शरीराला कळलं की पाचला उठायला त्याची काही हरकत नसते.

समजा, वीस महिन्यांची मुलगी आहे. रात्री ९ ला झोपते, पावणेपाचला उठते, सकाळी दीड तास आणि दुपारी साडेतीन ते पाच झोपते. एकूण पावणेअकरा तास. आधी सकाळची झोप दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं पुढं ढकलायची, नऊ, साडेनऊ, दहा, असं करत बाराच्या आसपास आणायची. तिथं पोचली की दुपारची वेगळी झोप आपोआप गळते. आता बारा ते सव्वादोन ही एकच झोप. मधल्या दिवसांत संध्याकाळी ती सहालाच कोलमडते, तेव्हा रात्री ९ ची वाट न बघता आठला झोपवायचं. दुपारच्या झोपेतून साडेतीनच्या पुढं उठवू नका, म्हणजे रात्री त्रास नाही. दीड वर्षाच्या आसपास बहुतेक मुलं दोनावरून एका झोपेवर येतातच, आपण फक्त वाट दाखवायची. दिवसाची झोप सरसकट बंद करू नका. तीन वर्षांच्या आत तो उपाय बहुधा अंगाशी येतो.

"रात्री उशिरा झोपवू, मग सकाळी उशिरा उठेल" हा सल्ला शेजारणीपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळे देतात. एक-दोन रात्रींत तो चालत नाही, कारण घड्याळ पाचला वाजायचं ते वाजतंच, मधली झोप तेवढी कमी होते. झोप पुरेशी असलेल्या, साडेसातला झोपणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र तो बरोबर आहे, पण सावकाश: दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं, आणि त्याच्याबरोबर जेवण, दुपारची झोप, अंघोळ सगळंच पंधरा मिनिटं पुढं.

पावणेपाचला करायचं काय?

लगेच उचलू नका. दोन-तीन मिनिटं ऐका. कुरकुर असेल तर पुष्कळदा ते परत झोपतं, आपल्याच उठण्यानं ते पूर्ण जागं होतं. रडत असेल तर जवळ जा, लाईट न लावता थोपटा, लंगोट ओला असेल तर अंधारातच बदला, बोलणं नाही, खेळ नाही. परदेशी पुस्तकांत मुलाला त्याच्या खोलीत एकटं ठेवा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडं मूल आईच्या कुशीत झोपतं, तेव्हा तो सल्ला सोडून द्या. कुशीत राहूनही "अजून रात्र आहे" हे कळवता येतं. आपणही डोळे मिटून पडून राहायचं. नाही झोपलं तरी सहापर्यंत खोली अंधारी आणि कंटाळवाणीच ठेवायची. सहा वाजले की मात्र खिडकी उघडा, "उजाडलं बघ" म्हणा, आणि मग उठा. हा फरक रोज सारखाच दिसला पाहिजे. अडीच-तीन वर्षांच्या पोराला झिरोच्या दिव्याची खूण समजते: दिवा बंद झाला की उठायचं.

हे घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे. आई थोपटत बसली आणि आजोबांनी "ये रे राजा" म्हणून चहाला बोलावलं, तर आठवड्याची मेहनत वाया. आजोबांना सहानंतरचं काम द्या, फिरायला न्यायचं.

डॉक्टरांकडं कधी जायचं?

मूल घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल तर ॲडिनॉइड किंवा टॉन्सिल तपासून घ्या. पहाटे खोकला आणि घरघर होत असेल तर दम्याचा विचार करावा लागतो, तो पहाटेच जास्त त्रास देतो. रात्री ढुंगण खाजवत असेल तर जंत. जंताचं औषध अंगणवाडीत जंतनाशक दिनाला मिळतं, एक वर्षाच्या पुढं. मधे गरज वाटली तर डॉक्टरांना विचारून. पाय सतत झाडणारं, फिकट दिसणारं मूल असेल तर रक्त तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली, आणि लोह कमी असलं की झोप अस्वस्थ होते. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पिणाऱ्या, जेवण टाळणाऱ्या मुलांत हे खास बघायला हवं.

झोपेसाठी सर्दीचं सिरप देणं, मेलाटोनिनच्या गोळ्या-गमी मेडिकलमधून आणणं, हे डॉक्टरांना न विचारता अजिबात नको. पूर्वी मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या बायका पोरांना अफूची गोळी देऊन झोपवायच्या. ती पोरं शांत झोपायची ती अफूच्या गुंगीनं. जायफळाचंही तेच. घुटीत एक वळसा इथवर ठीक, पण झोप येत नाही म्हणून वळसे वाढवत नेले तर जायफळ विषारी ठरतं.

किती दिवस लागतात?

पंखा, चादर, ओला लंगोट यांचा परिणाम तीन-चार दिवसांत दिसतो. घड्याळ सरकायला दोन ते तीन आठवडे. मधेच एक दिवस सहा वाजतात, दुसऱ्या दिवशी परत पाच. तेवढ्यावरून उपाय बदलू नका. ताप, दात येणं, गावची जत्रा, लग्नाला कोल्हापूरला चार दिवस, यात सगळं विस्कटतं. घरी आल्यावर त्याच वेळा परत सुरू केल्या की आठवड्याच्या आत बसतं. आणि सगळं करूनही पोर पावणेसहाला उठत असेल, दिवसभर हसत-खेळत असेल, तर ते त्याच्या प्रकृतीतच आहे. मग आई-बाबांनी पाळ्या लावाव्यात, एक दिवस एकानं उठायचं, दुसऱ्यानं झोपायचं, आणि रात्रीचा टीव्ही दहाला बंद.