विशेष शिक्षणवर्ग व सामाजिक अभ्यास, अमेरिकेतील
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील माध्यमिक शाळांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजलेल्या दोन शैक्षणिक व्यवस्था. सामाजिक अभ्यास हा इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र इत्यादींचा समन्वय साधणारा विषय असून प्रत्येक मुलास जाणता नागरिक बनविणे, हे त्याचे उद्दिष्ट होय. विशेष शिक्षणवर्ग म्हणजे शारीरिक, मानसिक वा अध्ययनविषयक अडचणी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी योजलेला स्वतंत्र वर्ग. पहिली व्यवस्था सर्वांना एकत्र आणू पाहणारी, तर दुसरी काहींना वेगळे काढणारी होती. ही विसंगती दूर करण्याचा प्रयत्न कायद्याने झाला, तो १९७५ मध्ये.

उदय : टॉमस जेसी जोन्स यांनी कृष्णवर्णीय व अमेरिकन इंडियन विद्यार्थ्यांसाठी असलेल्या व्हर्जिनियातील हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी सामाजिक अभ्यासाचा पाठ्यक्रम चालविला. पुढे नॅशनल एज्युकेशन असोसिएशनने नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष झाले. या समितीने १९१६ च्या अहवालात स्थानिक समाजाचे नागरिकशास्त्र आणि अखेरच्या वर्षासाठी ‘लोकशाहीचे प्रश्न’ असे अभ्यासक्रम सुचविले. १९१८ मध्ये माध्यमिक शिक्षणाची जी सात उद्दिष्टे जाहीर झाली, त्यांत नागरिकत्वाचा समावेश होता.

विशेष वर्गांचा प्रारंभ प्राथमिक शाळांत झाला. १८९६ मध्ये प्रॉव्हिडन्स येथे त्या काळी ‘मतिमंद’ म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी वर्ग सुरू झाला. १८९९ मध्ये न्यूयॉर्क येथे एलिझाबेथ फॅरल यांनी श्रेणीविरहित वर्ग चालू केला व त्यात हस्तव्यवसायावर भर दिला. मुलांना शाळेबाहेर घालविण्याऐवजी शाळेतच त्यांच्या गरजेनुसार शिकवावे, ही त्यांची भूमिका होती. लूइस टर्मन यांनी १९१६ मध्ये सिद्ध केलेल्या बुद्धिमापन कसोटीमुळे मुलांची वर्गवारी सोपी झाली. मात्र साहाय्यासाठी काढलेला वर्ग हळूहळू मुलांना बाजूला ठेवण्याचे साधनही बनू लागला.

न्यायालयीन लढे : विभक्त शाळा मूलतः विषम असतात, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये वंशभेदाच्या संदर्भात मान्य केले. अपंग मुलांच्या पालकांनी पुढे त्याचाच आधार घेतला. सौम्य मतिमंद ठरविलेल्या मुलांसाठी स्वतंत्र वर्ग कितपत समर्थनीय आहेत, असा प्रश्न विशेष शिक्षणाचेच अभ्यासक लॉइड डन यांनी १९६८ मध्ये उपस्थित केला. गरीब व अल्पसंख्य समाजांतील मुले अशा वर्गांत प्रमाणाबाहेर घातली जातात, हे त्यांनी निदर्शनास आणले. कॅलिफोर्नियात एकूण विद्यार्थ्यांपैकी कृष्णवर्णीय सु. १० टक्के असताना या वर्गांत त्यांचे प्रमाण सु. २५ टक्के आढळले. तेथील संघराज्य न्यायालयाने १९७९ मध्ये बुद्ध्यंकाच्या आधारे त्यांना तेथे पाठविण्यास मनाई केली. तत्पूर्वी पेनसिल्व्हेनिया (१९७१) व वॉशिंग्टन (१९७२) येथील खटल्यांतून अपंग मुलांचा सार्वजनिक शिक्षणाचा हक्क प्रस्थापित झाला होता. पैसा अपुरा आहे, ही सबब वॉशिंग्टनच्या न्यायालयाने अमान्य केली.

कायदा व वर्गव्यवहार : देशातील ८० लाखांहून अधिक अपंग मुलांपैकी निम्म्याहून अधिकांना योग्य शिक्षण मिळत नाही व १० लाख मुले सार्वजनिक शाळांपासून पूर्णतः वंचित आहेत, असे काँग्रेसने १९७५ च्या कायद्यातच नमूद केले. प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार करणे व शक्य तितके त्यास इतरांसोबत शिकविणे, हे या कायद्याने बंधनकारक केले. १९९० मध्ये त्याचे नामांतर झाले व शाळेनंतरच्या जीवनाची पूर्वतयारी आराखड्यात आवश्यक ठरली. १९९७ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण अभ्यासक्रमातील सहभागावर भर दिला.

सामाजिक अभ्यासाच्या तासाला या तत्त्वाची खरी कसोटी लागते. या विषयाची पाठ्यपुस्तके मजकुराने भरगच्च असतात आणि राज्यघटना, सार्वभौमत्व यांसारख्या संकल्पना अमूर्त असतात. यामुळे ध्वनिमुद्रित पाठ, स्पर्शज्ञेय नकाशे, तोंडी परीक्षा, वाढीव वेळ आणि विषयशिक्षक व विशेष शिक्षक यांचे सहअध्यापन असे उपाय योजिले जातात. तथापि मुलाला केवळ त्याच खोलीत बसविल्याने सहभाग साधत नाही. वर्गातील चर्चेत व मतदानात त्याच्या मताला स्थान मिळाले, तरच नागरिकत्वाचे शिक्षण सर्वांसाठी आहे, हा या विषयाचा मूळ दावा सार्थ ठरतो.