पॉटकेटची जुनी गिरणी

मंडळी, कापूस वेचला, गाडी भरून रवाना केली, की आपलं काम संपलं असं आपण धरून चालतो. पुढं त्याचं सूत कोण काढतं, ही चौकशी सहसा होत नाही. आज तुम्हांला मी अशा एका गिरणीत नेणार आहे, की जिचं आता संग्रहालय झालं आहे.

अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात, ब्लॅकस्टोन नदीच्या धबधब्यापाशी पॉटकेट हे गाव आहे. तिथली ही लाकडी इमारत १७९३ सालची. तिचा कर्ता सॅम्युएल स्लेटर हा मूळचा इंग्लंडातल्या बेल्परचा, तिथल्याच गिरणीत उमेदवारी करून तयार झालेला. सूतयंत्रं आणि कसबी कारागीर देशाबाहेर जाता कामा नयेत, असा त्या वेळी इंग्रजांचा कायदा होता. स्लेटर १७८९ मध्ये निसटला. जवळ कागद नाही, नकाशा नाही. सगळं यंत्र डोक्यात. झडती घेणारा डोकं कसं उघडून बघणार! मायदेशानं त्याला दगलबाज ठरवलं, अमेरिकेनं कारखान्यांचा जनक. मला विचाराल तर दोघांचंही खरं.

पण चात्यांपाशी उभं कोण होतं? गुरुजी, हे तुमच्यासाठी. १७९० मध्ये पॉटकेटला त्यानं पाण्याच्या जोरावर पहिलं सूत काढलं, तेव्हा त्याचे कामगार होते नऊ मुलं. वयं सात ते बारा! म्हणजे तुमच्या दुसरी ते सातवीचे वर्गच की. लहान बोटं तुटला धागा चटकन जोडतात, आणि मजुरीही थोडी लागते.

१८२४ मध्ये इथल्या मालकांनी कामाचा तास वाढवला आणि विणकरणींची मजुरी पाव हिश्शानं कापली. बाया माग सोडून बाहेर पडल्या. अमेरिकेतला कारखान्यातला हा पहिला संप समजतात. गावकरीही त्यांच्या बाजूनं उभे राहिले. अखेर तडजोड झाली.

पुढं गिरणी थंडावली. १९२१ मध्ये एका मंडळानं इमारत वाचवायला घेतली, १९५५ मध्ये संग्रहालय उघडलं. २०२१ पासून ती तिथल्या राष्ट्रीय उद्यान खात्याकडं आहे.

आणि कापूस? एकोणिसाव्या शतकात त्या मुलखातल्या गिरण्यांना लागणारा कापूस दक्षिणेतले गुलाम वेचीत. १८६१ मध्ये तिथं यादवी पेटली, विलायतेला जाणारा माल अडला, आणि आपल्या वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाचा भाव कडाडला. १८६५ मध्ये लढाई थांबली, तसा तो कोसळला.