गुरुबंधूंची भागीदारी

अमेरिकेतील विद्यापीठांतून ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारी विद्यार्थ्यांची बंधुमंडळे असतात. त्यांतले सर्वांत जुने 1776 सालचे. विद्यार्थिदशेत एकमेकांना भाऊ म्हणवून घेतलेली ही मंडळी पुढे धंद्यात, राजकारणात आणि म्हातारपणीही एकमेकांना धरून राहतात, असा त्यांचा लौकिक आहे. आपल्याकडे अशी मंडळे नव्हती. पण या नात्याला शब्द मात्र आपल्याकडे जुनाच आहे. तो म्हणजे गुरुबंधू. एका गुरूच्या हाताखाली शिकलेले ते भाऊ. गवयांत, पहिलवानांत, वारकऱ्यांत हे नाते रक्ताच्या नात्याइतके मानले गेले. प्रश्न असा की, या नात्यात पैसा शिरला, भांडवल, नफा आणि करारनामा शिरला, म्हणजे त्याचे काय होते? बेसा येथील श्रोत्यांना हा प्रश्न परका वाटू नये. कालपरवापर्यंत खेडे असलेले हे गाव आज नागपूर शहराच्या अंगाला भिडले आहे, आणि मित्रामित्रांनी मिळून धंदा काढणे आता कोणाला नवे राहिलेले नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी आपणांस कोल्हापुरास नेतो.

कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले दोघे चुलतभाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. पेंटर हे नाव त्यांना त्या धंद्यामुळेच चिकटले. दोघांना हलत्या चित्रांचे वेड लागले. आनंदराव 1916 साली वारले. बाबूरावांनी हट्ट सोडला नाही. परदेशी कॅमेरा परवडण्यासारखा नव्हता, म्हणून त्यांनी तो स्वतःच घडवला. या कामात त्यांना ज्याचा हात लागला तो पेणचा विष्णू गोविंद दामले, जन्म 1892. याच मंडळीत कागलचा शेख फत्तेलाल होता. तो दामल्यांपेक्षा सहा वर्षांनी मोठा, जन्म 1886. एक हाताचा कारागीर, दुसरा रंगरेषांचा धनी. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ 1920 साली पडद्यावर आला आणि या कारखान्याचे नाव झाले.

मी कारखाना म्हणतो खरा, पण तो गुरुगृहच होता. ज्याला नट व्हायचे त्याने आधी झाडू मारावा, सामान वाहावे, खिळे ठोकावेत. शांताराम वणकुद्रे हा पोरसवदा तरुण तिथे असाच आला आणि पडेल ते काम करीत वर चढला. केशवराव धायबर कॅमेऱ्याशी खेळू लागले. बाबूराव बोलत थोडे. शिष्यांनी त्यांचे हात पाहून शिकावे. शिष्य इतके शिकले की 1927 साली ‘नेताजी पालकर’ शांतारामांनी आणि 1928 साली ‘महारथी कर्ण’ दामले-फत्तेलालांनी दिग्दर्शित केला.

आणि मग जे होते ते झाले. हात तयार झाले की शिष्याला गुरूचे छप्पर बुटके वाटू लागते. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले. सीताराम कुलकर्णी यांच्या पैशाचे पाठबळ मिळाले आणि 1 जून 1929 रोजी पाच भागीदारांची ‘प्रभात’ जन्माला आली. भांडवल 15,000 रुपये. गुरूला सोडल्याबद्दल त्यांना दोष देणारे पुष्कळ निघाले. मला तो दोष द्यावासा वाटत नाही. घराण्याची वाढ अशीच होत असते. या नात्याचा धागा अगदी तुटलाही नव्हता. 1947 साली ‘लोकशाहीर रामजोशी’ बाबूरावांच्या दिग्दर्शनाखाली निघाला तो शांतारामांच्याच राजकमलमध्ये.

प्रभातचे पहिले दशक हे भागीदारीचे आदर्श चित्र मानावे लागेल. दिग्दर्शन शांतारामांकडे, कॅमेरा धायबरांकडे, देखावे आणि वेषभूषा फत्तेलालांकडे, ध्वनिलेखन व यंत्रे दामल्यांकडे, पैशाचा हिशोब कुलकर्ण्यांकडे. कोणाचे काम कोणाच्या आड येत नव्हते. 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला, 1933 साली बिऱ्हाड पुण्यास हलले, 1934 साली ‘अमृतमंथन’ आला. नोकरमंडळींत दामले हे ‘दामलेमामा’ आणि फत्तेलाल हे ‘साहेबमामा’. मामा ही पदवी मराठी माणूस सहजासहजी कोणाला देत नाही. ज्याच्यापाशी हट्ट चालतो त्यालाच देतो.

या दोन मामांनी मिळून केलेला ‘संत तुकाराम’ 1936 सालचा. देहू उभे केले ते फत्तेलालांनी. एका मुसलमान कलावंताने तुकोबांचे घर, ओसरी आणि देऊळ इतक्या जिव्हाळ्याने उभारले, आणि महाराष्ट्राने ते इतक्या सहजतेने आपले मानले, की त्यात काही विशेष आहे असे वाटलेच नाही. विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा आणि गौरीची आवली यांनी मुंबईच्या ‘सेंट्रल’ चित्रपटगृहात 57 आठवडे गर्दी खेचली. 1937 साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. दिग्दर्शक म्हणून नाव आले ते दोघांचे जोडीने. त्यातले कोणते दृश्य कोणाचे, हे आजवर कोणाला वेगळे काढता आलेले नाही, आणि त्या दोघांना ते वेगळे काढावेसे वाटल्याचे दिसत नाही. 1940 सालचा ‘संत ज्ञानेश्वर’ही असाच जोडीचा.

पाचांची भागीदारी मात्र तडकली. कंपनीतल्या नटीशी भागीदाराने कामापलीकडे संबंध ठेवू नये, असा पाचांचा दंडक होता. धायबरांनी नलिनी तर्खड यांच्याशी विवाह केला आणि त्यांना प्रभात सोडावी लागली. पुढे 1941 साली शांतारामांनी जयश्रीबाईंशी विवाह केला आणि 1942 साली तेही बाहेर पडून मुंबईस गेले. दंडक हे एक कारण झाले. मतभेदांची इतरही कारणे होती. एकाची कीर्ती वाढत गेली की बाकीच्यांच्या वाट्याला सावली येते, हेही त्यात असणारच. गंमत अशी की, शांतारामांचा प्रभातमधला शेवटचा बोलपट ‘शेजारी’ हा हिंदू आणि मुसलमान अशा दोन जिवलग मित्रांचा होता. पैशाच्या आणि धरणाच्या कारस्थानात त्यांची मने दुरावतात आणि अखेर मरताना ते एकमेकांजवळ येतात. तसे दोन मित्र शांतारामांच्या शेजारीच रोज काम करीत होते. पण त्या दोघांचे कधी दुरावले नाही.

का दुरावले नाही? करारनामा पाचांनाही होता. मला यात एक साधी गोष्ट दिसते. दामले-फत्तेलालांची जोडी प्रभातच्या आधीची, पडदे रंगवण्याच्या दिवसांतली. त्या वेळी वाटून घेण्यासारखे काहीच नव्हते, ना नाव ना नफा. पुढे दोन्ही आले तेव्हा ते कसे वाटावे हा प्रश्न त्यांच्यात निघालाच नाही. शांतारामांची प्रतिभा स्वतंत्र आणि धगधगीत होती. तिला जोडीदार मानवणे कठीणच. त्याबद्दल त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. ‘कुंकू’ आणि ‘माणूस’ अशाच प्रतिभेतून होतात. पण पाच जणांचे घर अशा धगीवर फार दिवस चालत नाही.

दामलेमामा 5 जुलै 1945 रोजी वारले. प्रभात त्यानंतर काही वर्षे रखडत चालली आणि पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी तिचे दरवाजे बंद झाले. त्याच वास्तूत 1960 साली सरकारची चित्रपटशिक्षणाची संस्था आली. साहेबमामा 1964 सालपर्यंत हयात होते. 1955 साली त्यांनी ‘जगद्गुरू शंकराचार्य’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्याच्या दिग्दर्शकाच्या जागी नाव होते ते एकट्या शेख फत्तेलालांचे.